आग्रहाचा भात

बाबा, तुम्ही गेल्यापासून जो येतो तो मला म्हणतो, दोन घास खाऊन घे. मी नको म्हणते आणि समोरचा माणूस लगेच ऐकतो. डबा फ्रिजमध्ये जातो, काळजी घे म्हणतात आणि बूट घालून निघतात. मंडळी चांगली आहेत, रेडमंडच्या या पावसात पार्किंग शोधून येतात बिचारी. पण तुम्ही असता तर त्यांची पाठ वळल्याबरोबर म्हणाला असता की या देशात सगळं मिळतं, फक्त आग्रह करणारं माणूस मिळत नाही. मी हसले असते आणि मग मला भूक लागली असती.

तुमच्यावर रीतसर लिहायचं तर ते वेंगुर्ल्याला तुमचे धाकटे भाऊ लिहितील. शाळेतले ड्रॉइंगमास्तर, शिस्तीचे, गणपतीचे डोळे रंगवावेत ते तुम्हीच, वगैरे. ते सगळं मी ऐकीव जाणते. माझ्याकडे आहेत ते आपले शनिवार. निरंजनच्या ऑफिसात कायम काहीतरी रिलीज असायचं आणि शनिवारीही तो लॅपटॉपला चिकटलेला असायचा, म्हणून सासरे आणि सून गाडी काढून पूल ओलांडायचे आणि सिॲटलच्या त्या टेकडीवर फिलिपिनो खानावळीत जेवायला जायचे. आपल्या नात्यात असं काही असतं हे मला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं.

खरं तर याचं श्रेय तुमच्या सुक्या बांगड्याला. आई गेल्या त्या वर्षी, दोन हजार पाच साली, निरंजन तुम्हाला इकडे घेऊन आला. बॅगेत कपडे कमी आणि सुकी मासळी, आमसुलं, तिरफळंच जास्त. कस्टममधून ते सगळं कसं सुटलं हे तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. आम्ही दोघं कामावर गेलेलो असताना तुम्ही गॅसवर बांगडा भाजायला घेतलात, अलार्म वाजला आणि अख्खी बिल्डिंग पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली. मी पोचले तेव्हा बंब आलेला होता आणि तुम्ही पायजम्यात, हातात चिमटा आणि चिमट्यात बांगडा घेऊन त्या अग्निशमनवाल्याला दाखवत होतात की आग नाही, हा मासा आहे. त्यानंतर घरात सुकी मासळी बंद झाली. तुम्ही वाद घातला नाहीत. फक्त आमटीत चमचा फिरवत बसायचात, आणि ते वादापेक्षा वाईट होतं.

मग एकदा एशियन दुकानात सुक्या मासळीच्या रॅकसमोर तुम्ही देवळात उभे राहावं तसे उभे होतात. शेजारची बाई दोन पाकिटं घेत होती. मी तिला विचारलं, तुम्ही हे घरी भाजता कसं? ती म्हणाली, घरी कोण भाजतं, शेजारी पोलीस बोलावतील. मी आते कोराकडे जाऊन खाते. तिने पत्ता सांगितला. फिलिपिनो लोक थोरल्या बहिणीला आते म्हणतात हे मला तेव्हा कळलं. तुम्हाला ते फारच आवडलं. तुमच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान बाईला तुम्ही पहिल्या दिवसापासून बिनदिक्कत आते म्हणू लागलात.

एका बाजूला लॉंड्री, दुसऱ्या बाजूला मनिलाला खोकी पाठवणाऱ्याचं दुकान, मध्ये आतेची खानावळ. मेणकापडाची टेबलं, टेबलावर मिरच्या बुडवलेल्या व्हिनेगरची बाटली, कोपऱ्यात कुणीतरी सतत गाणी लावलेला टीव्ही. काचेमागे वाफाळणारे ट्रे. आपण बोट दाखवायचं, आते ताटात घालणार. पद्धतच ती, त्यांच्या भाषेत त्या खानावळींचं नावही बोट दाखवण्यावरूनच पडलंय. आम्ही पिझ्झा मागवायचो त्याच्या भावात दोघांचं पोटभर जेवण व्हायचं, हे नागपूरच्या सुनेच्या लगेच लक्षात आलं. तुमचं लक्ष दुसरीकडेच होतं.

तुम्ही हात मागे बांधून उभे राहिलात. आते मोठा चमचा घेऊन विचारतेय, कोणतं? मागे रांग वाढत चाललेली, ड्यूटी संपवून आलेल्या नर्सबाया, टपालखात्याचे शर्ट घातलेले दोघेजण. मी म्हटलं, बाबा, बोट दाखवा. तुम्ही मला हळूच सुनावलंत, "पंगतीत कोण बोट दाखवता? वाढणारा वाढतो, जेवणारा जेवतो." मी आतेला सांगितलं की हे म्हणतात, तुम्ही वाढाल ते. तिने तुमच्याकडे नीट पाहिलं, चमचा ठेवला, हात पुसले आणि आपल्या मनाने वाढायला लागली. तळलेला मासा, चिंचेचं आंबट कालवण, फणसाची नारळाच्या दुधातली भाजी, आणि शेवटी एक काळपट हिरवा गोळा. टेबलावर बसून तुम्ही तो बोटाने जिभेला लावलात आणि म्हणालात, "गो, ह्या तर अळू." तुमचे डोळे भरले होते. मी व्हिनेगरची बाटली वाचत बसले.

त्या दिवशीची खरी गंमत मात्र नंतर झाली. आते भाताचं भांडं घेऊन टेबलाशी आली, अजून भात? तुम्ही म्हणालात, नो, नो, आणि ताटावर हात आडवा धरलात. बोटांच्या फटीतून अर्धा भात सहज पडेल असा. मी कोकणातल्या लग्नांत तो हात पुष्कळ वेळा पाहिलेला होता. आते "ओके" म्हणाली आणि निघून गेली. तुमचा हात तसाच ताटावर राहिला. परतताना पूल संपेपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणालात, "एकदाच विचारल्यान." मी इतकी हसले की आपली एक्झिट गेली. अर्धपोटी माणसाला हसते म्हणून तुम्ही रागावलात, आणि घरी येऊन दहीभात खाल्लात.

पुढच्या शनिवारी मी आतेला बाजूला घेऊन समजावलं. आमच्याकडे पहिलं नको हे सभ्यपणाचं असतं, दुसरं संकोचाचं, आणि तिसऱ्यांदा नको म्हटलं तरच पोट भरलेलं असतं. आते कंबरेवर हात ठेवून म्हणाली, मला सांगतेस? माझी सासू पाच वेळा नको म्हणायची. पण इथे कुणी नको म्हटल्यावर वाढलं तर लोक चिडतात गं, पैसे जास्त लावायला करते म्हणतात. तीस वर्षांत मीच विसरून गेले. त्या दिवसापासून ती तुमच्यासाठी वेगळी वागायची. रांग थांबवून यायची, तुम्ही नको म्हणायचात, ती वाढायची, तुम्ही हात आडवा धरायचात, ती बोटांवरच भात घालायची. दोघांचेही चेहरे इतके गंभीर, की बाकीचे हसायचे. तुम्ही तिथे जितके खुलायचात तितके आमच्या सोफ्यावर कधी खुलला नाहीत, हे मी तेव्हाच पाहिलं होतं.

अळूवरून मात्र तुमचं आणि तिचं कधीच जमलं नाही. तिचं म्हणणं, नारळाच्या दुधात पाला टाकला की उकळी फुटेपर्यंत चमचा लावायचा नाही, ढवळलंत की घसा खाजणार. तुमचं म्हणणं, ढवळण्याचा काय संबंध, चिंच किंवा आमसूल नाही म्हणून खाजतं. तुम्ही तिला आमसुलं नेऊन दिलीत, तिने वास घेतला, म्हणाली, आमच्या नवऱ्याच्या गावी असंच एक फळ असतं, आणि ती माशाच्या कालवणात टाकून मोकळी झाली. अळूला हात लावू दिला नाही. गाडीत तुम्ही मला पंच नेमायचात. मी म्हणायची, दोन्ही घसे ठीक आहेत तर भांडता कशाला? त्यावर, नागपूरकरांनी माशात आणि अळूत बोलू नये, सावजी रस्सा खाऊन तुमची जीभ मेलेली असते, असं ऐकवायचात. हा वाद आता असाच राहणार, बाबा. खरं सांगायचं तर मला आतेचं पटायचं. तोंडावर बोलायची छाती नव्हती.

तिथे कुणीही जेवत असलं आणि आपण जवळून गेलो की ते म्हणत, काइन तायो, म्हणजे या जेवायला. अनोळखी माणसालाही. तुम्ही ते शिकलात आणि एकदा आमच्या घरी केबलवाल्याला म्हणालात. तो घाबरून गेला. निरंजन मात्र हे सगळं माझ्याकडून ऐकायचा. पुढच्या शनिवारी नक्की येतो, म्हणायचा. ते पुढचे शनिवार बरेच झाले.

दर सप्टेंबरात, पाऊस सुरू झाला की तुम्ही जेवताना जाहीर करायचात, थंडी पडायच्या आत मी जातो रे. पहिल्या वर्षी निरंजन घाबराघुबरा झाला. काहीतरीच काय बाबा, तिथे वेंगुर्ल्याला एकटे कसे राहणार, म्हणून त्याने तासभर विनवलं. तुम्ही बघू म्हणालात आणि राहिलात. दुसऱ्या वर्षी त्याने ग्रीन कार्डचा विषय काढला. तुम्ही विचार करतो म्हणालात आणि राहिलात. या वर्षी त्याने लॅपटॉप मिटला, शांतपणे तुमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला फोर्स नाही करणार. इट्स युअर डिसिजन. तिकीट बघू का?"

मला वाटलं, किती समंजस बोलला. ऑफिसात माणसं सांभाळायचं ट्रेनिंग घेतलेला माणूस, समोरच्याच्या मताचा मान राखतोय. तुम्ही क्षणभर त्याच्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "बघ."

त्यानंतर घरात बोलणं कमी झालं. आणि मग आईंचं ताट दिसेना. लग्नातलं ते जाड स्टीलचं ताट, काठावर 'चि. सौ. कां. सुमतीस मावशीकडून' असं कोरलेलं. तुम्ही पंच्यात गुंडाळून आणलं होतं आणि आमच्या काचेच्या प्लेटा बाजूला सारून त्यातच जेवायचात. निरंजनने विचारलं, ताट कुठेय? तुम्ही म्हणालात, "असायला हवं तिथे आहे." तो समजायचं ते समजला. तीन वर्षं कपाट दिलेलं असूनही तुमचे कपडे बॅगेतच असायचे, आता ताटही बॅगेत गेलं. मीही तेच समजले. दोघं एकाच टेबलावर बसून मीठ दे, पाणी दे इतकंच बोलत होतात आणि मी मध्ये बसून हवामानावर बोलत होते. तिकीट काढायचं राहून गेलं, आणि एका सकाळी चहाला हाक मारली तर तुम्ही उठला नाहीत.

तुमच्या फोटोसमोर ते ताट ठेवायला म्हणून निरंजनने बॅग उघडली. ताट नव्हतं. स्वेटर होते, आईंचा एक फोटो होता, ताट नव्हतं. तो तिथेच कार्पेटवर बसला. म्हणाला, कुणाबरोबर तरी पुढे पाठवलं त्यांनी, स्वतः मागून जाणार होते. मंजू, मी तीन वर्षं त्यांना इथे डांबून ठेवलं आणि शेवटी सोडलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांना मरायचं नव्हतं इथे. मलाही तसंच वाटत होतं. त्याने अन्न सोडलं. मी आग्रह केला की म्हणायचा, नको म्हटलं ना.

आतेला मी फोन केला होता. ती क्रिमेटोरियमला आली, काळा स्कार्फ बांधून, मागच्या रांगेत उभी राहिली. बटण दाबून झालं, सगळे पांगायला लागले, तेव्हा तिने माझा दंड धरला. म्हणाली, सरळ घरी जायचं नाही. आमच्यात मयतीहून कुणी सरळ घरी जात नाही, आधी कुठेतरी थांबून खायचं. गेलेला माणूस मागोमाग येत असतो, मध्ये थांबलं की त्याची वाट चुकते आणि तो आपल्या मार्गाने जातो. माझ्याकडे चला. निरंजन म्हणाला, अशक्य. आपल्यात अंघोळीशिवाय कुणाच्या दारात पाऊल टाकत नाहीत. त्याचं बरोबर होतं. पण आतेने पहिल्यांदा म्हटलं, चला. मग दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा ती काही बोललीच नाही, गाडीचं मागचं दार उघडून बसली. तुमच्याकडूनच शिकली असणार.

खानावळ बंद होती, आमच्यासाठी उघडली. निरंजन मेणकापडाकडे बघत बसला. आते आत गेली, भांड्यांचा आवाज आला आणि ती भात वाढलेलं ताट घेऊन बाहेर आली.

मी काठावरची अक्षरं आधी पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. निरंजनने ताटाला हात लावला आणि ते धरूनच ठेवलं.

बाबा, दर बुधवारी लायब्ररीत जातो म्हणून निघायचात, पण तुम्ही लायब्ररीत जात नव्हतात तर. दोन बसेस बदलून इथे येत होतात. आतेने सगळं सांगितलं. मागच्या बाजूला स्टुलावर बसून शेवग्याचा पाला निवडायचात, नारळ खवायचात, अळूच्या देठांची सालं काढायचात आणि दुपारी तिच्या माणसांबरोबर जेवायचात. मी समजत होते की ही जागा आपली दोघांची आहे. तुम्ही माझ्याहीपेक्षा जास्त तिथले होतात. मला जरा राग आला, अजूनही आहे थोडा. लायब्ररीतून आणलेला म्हणून जो पेपर मला दाखवायचात, तो बसमधला होता ना?

थर्माकोलच्या ताटात जेवण उतरत नाही म्हणून तुम्ही हे ताट तिच्या फळीवर आणून ठेवलंत. आते सांगत होती, मी त्यांना म्हटलं, ही तुमच्या बायकोची वस्तू, तुम्ही इंडियाला जाल तेव्हा विसराल, आत्ताच घेऊन जा.

"तर ते माझ्यावर चिडले," आते निरंजनला म्हणाली. "म्हणाले, कोण जातंय? जातो हे मी मुलाला म्हणतो. भाताला नको म्हणतो ना, तसंच ते. पूर्वी तो दोन-तीनदा विनवायचा. या वर्षी एकदाच विचारलं त्याने."

निरंजनचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला आणि तो रडला, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. आते शेजारी बसून राहिली. मीही रडले, पण बाबा, मला त्यात हसूही येत होतं. एवढा मोठा मास्तर माणूस, आणि मुलाला सरळ सांगता येत नाही की मला राहायचंय. आणि हा एवढा हुशार मुलगा, त्याच कोकणात वाढलेला, त्याला बापाच्या बोटांमधली फट दिसली नाही. दोघांनाही एका पंगतीला बसवून चांगलं झापलं पाहिजे होतं.

रडणं ओसरल्यावर आते भाताचं भांडं घेऊन उभी राहिली. निरंजन म्हणाला, नको. तिने वाढला. त्याने हात आडवा धरला, तिने बोटांवर वाढला. मग त्याने आईंच्या ताटात हाताने कालवून अळू-भात खाल्ला. घशाला खाजत नाही ना, असं तिने विचारलं. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, बाबा, हरलात.

निघताना तिने ताट धुऊन, पुसून त्याच्यापुढे धरलं. त्याने ते पुन्हा तिच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाला, शनिवारी येतो. मग आतेने आम्हाला दारात बजावलं, आता मागे वळून बघायचं नाही, हाक मारायची नाही, त्यांना त्यांच्या वाटेने जाऊ द्या.

बाहेर रिमझिम होती. मी पुढे बसायला गेले तर निरंजन म्हणाला, तू मागे बस. त्याने पुढचं, तुमच्या बाजूचं दार उघडलं आणि ते धरून पावसात उभा राहिला. आते खिडकीतून बघत होती, तिने छातीवर क्रूस काढला, अडवलं मात्र नाही.

"चला, बाबा," तो म्हणाला.

थोडा वेळ थांबला.

"चला ना."

तुमचा स्वभाव मला माहीत आहे, दोन्ही वेळा तुम्ही नकोच म्हणाला असणार. त्याचे खांदे भिजले होते. कित्येक वर्षांत त्याच्या तोंडून मालवणी ऐकली नव्हती मी.

"बाबा, घराक चला."

मग तो आणखी क्षणभर थांबला आणि त्याने दार हळू लावलं, तुमचा हात सापडू नये म्हणून नेहमी लावायचा तसं.